नाव आधी ताई सांगत

शोधनिबंधाच्या शेवटी आभारासाठी दोन-तीन ओळी सोडलेल्या असतात. निधी देणाऱ्या खात्याचं नाव आणि प्रकल्पाचा लांबलचक क्रमांक लिहिला की त्यातली बरीचशी जागा भरते. आमच्या निबंधात उरलेल्या जागेत ‘तांत्रिक साहाय्याबद्दल सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे आभार’ एवढं बसलं. ज्या बाईंच्या हाताखालून आमचा एकूण एक नमुना गेला, त्यांचं नाव तिथं नाही. इथंही मी ते लिहिणार नाही. विचारायला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “कशाला? रिटायर झाले आता. नाव छापून काय पेन्शन वाढणार आहे?” तेव्हा विभागात सगळे म्हणत तसंच मीही म्हणतो: ताई. विभागप्रमुख मॅडम वयानं त्यांच्याहून मोठ्या, पण त्याही ताईच म्हणायच्या.

मी भौतिकशास्त्राचा. पुण्यात लेझर आणि वर्णपट यांच्यावर पीएचडी करायला लागलो, तेव्हा जिवाणू म्हटलं की मला दह्याच्या विरजणापलीकडे काही आठवत नव्हतं. आमच्या सरांनी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाशी मिळून एक प्रकल्प घेतला: रुग्णाच्या रक्तात किंवा लघवीत सापडलेला जिवाणू कोणता, हे प्रकाशाच्या विकिरणावरून ओळखायचं. आमचं यंत्र पेट्यांमध्ये भरून टेम्पोनं तिकडे गेलं आणि त्याच्यामागोमाग एसटीनं मी.

घाई कसली होती ते सांगायला हवं. रक्तात जंतू शिरला की रक्ताची बाटली कल्चरला जाते. तिच्यात वाढ दिसायला साधारण एक दिवस. मग ते प्लेटवर लावायचं, आणखी एक दिवस. मग चाचण्या करून नाव ठरवायचं आणि कोणतं औषध चालतं ते बघायचं, म्हणजे तिसरा दिवस उजाडतो. तोवर डॉक्टर अंदाजानं भारी प्रतिजैविकं सुरू करतात. त्यांनाही दुसरा इलाज नसतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला योग्य औषध मिळायला पहिल्या सहा तासांत जितका उशीर होईल, तितकी त्याची जगण्याची शक्यता तासाला सरासरी 7.6 टक्क्यांनी घटते. तिथं आपण तिसऱ्या दिवशी रिपोर्ट देतो.

आमची वाट रामन यांची. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. कोटीभर प्रकाशकणांमधला एखादाच रेणूच्या कंपनाशी देवाणघेवाण करून किंचित बदललेल्या रंगानं बाहेर पडतो. कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावर, 210 क्रमांकाच्या इमारतीत, 28 फेब्रुवारी 1928 ला हे दिसलं आणि 1930 चं नोबेल आलं. विज्ञानदिनाच्या भाषणांत ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. त्या भाषणांत आशुतोष डे मात्र येत नाहीत. 1907 साली वित्तखात्यातला एक कोवळा अधिकारी, म्हणजे रामन, त्या इमारतीच्या दारात उभा राहिला, तेव्हा दार उघडलं ते या आशुबाबूंनी. पुढे ते वर्षानुवर्षं रामन यांचे साहाय्यक होते. कॉलेजात न शिकलेल्या या माणसाचं नाव रामन यांनी शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून घातलं. रामन यांच्या तापट स्वभावाचे किस्से पुष्कळ आहेत. हाही एक त्यांच्या खात्यावर असू द्यावा.

जिवाणूचा रामन वर्णपट म्हणजे कागदावर उमटलेली शिखरांची रांग. 785 च्या आसपास केंद्रकाम्लं, 1004 ला फेनिलअॅलनिन, 1450 ला मेद आणि प्रथिनांमधले कार्बन-हायड्रोजनचे बंध, 1660 ला प्रथिनांचा कणा. हे आकडे मला झोपेतही सांगता येतात. अडचण अशी, की ही शिखरं सगळ्याच जिवाणूंत असतात. प्रत्येकाच्या फडताळात भांडी तीच, फरक कोणतं किती याचा. हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो संगणकाला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे हजारो वर्णपट त्याच्यापुढे ठेवायचे आणि प्रत्येकाखाली नाव लिहायचं: हा ई. कोलाय, हा क्लेबसिएला, हा स्टॅफिलोकॉकस. संगणक शिकतो तो त्या नावांवरून. नाव चुकीचं असेल, तर तो चूक तितक्याच मन लावून शिकतो.

स्टॅनफर्डच्या गटाचा 2019 चा निबंध या क्षेत्रात बराच गाजला. नेहमीच्या 30 रोगजंतूंचे वर्णपट, खोलवर शिकणारं संगणकी जाळं, आणि अगदी अंधुक संकेतावरूनसुद्धा 82 टक्क्यांच्या वर अचूक ओळख. आम्ही तो निबंध अधाशासारखा वाचला. पण त्या 30 जंतूंना नावं प्रकाशानं दिलेली नव्हती. ती आधी कुणीतरी प्लेटवर, चाचण्या लावून, ठरवलेली होती. आमच्याकडे ते काम ताईंचं.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे वही काढून विचारलं, की रोज किती कॉलन्या मिळतील. त्यांनी माझ्याकडे न बघता हातातलं काम संपवलं. लूप बर्नरच्या ज्योतीत लालभडक होईपर्यंत धरली, आगरच्या रिकाम्या कडेला टेकवली, चर्र असा बारीक आवाज आला. मग नमुन्याचा एक ठिपका उचलून प्लेटच्या एका कोपऱ्यात मागेपुढे ओढला. लूप पुन्हा जाळली, प्लेट थोडी फिरवली, पहिल्या रेघांतून दुसऱ्या रेघा ओढल्या. असं चार वेळा. शेवटच्या पट्ट्यात जिवाणू इतके विरळ होतात, की एकेकाची सुटी कॉलनी वाढते. झाकण लावून प्लेट उलटी करून ट्रेमध्ये ठेवली आणि मग म्हणाल्या, “लेझर कुठं पळून जात नाही. आधी प्लेट बघायला शीक.”

मग कितीतरी दिवस मी प्लेटाच बघत होतो. मॅकॉन्की आगरवर ई. कोलाय गुलाबी, चपटा, कोरडा. क्लेबसिएलाही गुलाबीच, पण ओलसर, फुगीर. त्याला लूप लावून वर उचलली की चिकट तार निघते. साल्मोनेला आणि शिगेला तिथं रंगहीन राहतात, कारण त्यांना दुधातली साखर पचत नाही. प्रोटियस रक्ताच्या आगरवर एका जागी बसतच नाही, लाटालाटांनी सगळी प्लेट व्यापतो आणि शेजारच्या कॉलनीवरही चढतो. स्यूडोमोनासचा वास तर इन्क्युबेटरचं दार उघडल्याबरोबर यायचा, पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर. प्लेटचा वास घ्यायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम आहे आणि ताई तो काटेकोर पाळत. “मी घेत नाही, तो येतो,” एवढंच म्हणत.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नावातच सोनं आहे, पण आमच्या प्लेटांवर तो बऱ्याचदा पांढुरका दिसायचा. ताई म्हणाल्या, “इन्क्युबेटरमधून काढून दिवसभर बाहेर ठेव, टेबलावर.” ठेवल्या. खोलीच्या तापमानाला संध्याकाळपर्यंत कॉलन्यांवर पिवळी झाक चढली. दोन्हींचे वर्णपट घेतले, तर पिवळ्या प्लेटच्या आलेखात 1160 आणि 1525 ला दोन शिखरं ताठ उभी. ती त्या जिवाणूच्या, गाजरातल्या कॅरोटीनच्या कुळातल्या रंगद्रव्याची. हिरव्या लेझरला हे रंगद्रव्य फार जोरात प्रतिसाद देतं. मी आनंदानं आलेख छापून ताईंकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, “पिवळा दिसतोय असं हे म्हणतं का?” मी हो म्हटलं. “बरं,” म्हणाल्या, आणि पुढची प्लेट घेतली.

त्यांच्या टेबलाजवळ एक जुना दिवा आणि आरसा होता. नवजात बाळांच्या किंवा गरोदर बायकांच्या नमुन्यांत लिस्टेरियाचा संशय आला की त्या प्लेट हातात उचलून धरत, आरसा असा कलता ठेवत, की उजेड खालून तिरका, साधारण 45 अंशांत येईल. त्या उजेडात लिस्टेरियाच्या कॉलन्या निळसर करड्या चमकतात, इतर बऱ्याचशा तशा चमकत नाहीत. मलाही एकदा दाखवलं. प्लेट थोडी इकडे झुकली की निळाई जाते, थोडी तिकडे झुकली की परत येते. ही युक्ती पाठ्यपुस्तकांत हेन्री यांच्या नावानं आहे. ताईंना ती त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी शिकवलेली. मी त्या कॉलन्यांकडे पाहत होतो आणि डोक्यात आकडेमोड चालू होती, कारण डोळ्यासमोर जे चाललं होतं ते शुद्ध विकिरण होतं. जिवाणू कसे रचून बसले आहेत, त्यावर उजेड कुठल्या दिशेला किती जाणार हे ठरत होतं.

अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात, याच गोष्टीचं यंत्र केलेलं आहे. बारडॉट असं त्याचं नाव. 635 नॅनोमीटरचा लाल लेझर मिलिमीटरभराच्या कॉलनीतून आरपार सोडायचा आणि पलीकडे कॅमेऱ्यावर विखुरलेल्या प्रकाशाची आकृती टिपायची: वर्तुळं, आरे, ठिपके. प्रत्येक जातीची आकृती वेगळी येते आणि संगणक त्यावरून ओळखतो. रंग घालावा लागत नाही, अँटिबॉडी लागत नाही, आणि तपासून झाल्यावर कॉलनी जिवंत राहते, पुढच्या चाचणीला वापरता येते. सुरुवातीचं बरंचसं काम त्यांनी लिस्टेरियावरच केलं. यात रामन परिणामासारखा रंग बदलत नाही, नुसती दिशा बदलते, त्यामुळे प्रकाश भरपूर मिळतो आणि यंत्र सोपं राहतं. मी त्या आकृत्यांचे छापील कागद ताईंना दाखवले. त्यांनी नीट, एकेक करून पाहिले. “म्हणजे मी करते तेच की,” त्या म्हणाल्या. “फक्त त्यांच्याकडे कॅमेरा आहे आणि पगार बरा आहे.”

विभागाच्या मागच्या बाजूला मीडिया रूम. तिथले मामा चतुर्थ श्रेणीतले. मला ते ‘लेझरवाले’ म्हणत. सगळ्या विभागाच्या प्लेटा त्यांच्या हातच्या. पावडर तोलायची, पाण्यात विरघळवायची, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवायची, हे कुणीही करेल. खरी गोम त्यानंतर. रक्ताचं आगर करताना बाटली 45 ते 50 अंशांच्या दरम्यान थंड झालेली हवी. त्याहून गरम असेल तर रक्त शिजून तपकिरी होतं, गार झाली तर आगर बाटलीतच गोठतं. थर्मामीटर होता, पण मामा बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवत आणि क्षणभर थांबून म्हणत, “आता घाला रगात.” मेंढीचं रक्त काचेच्या मण्यांबरोबर हलवून गुठळी होऊ न दिलेलं असे. ते ओतताना फेस येऊ द्यायचा नाही. आला तर ओतलेल्या प्लेटवरून बर्नरची ज्योत झरकन फिरवायची, बुडबुडे फुटतात. मामांची प्लेट उजेडासमोर धरली तर या काठापासून त्या काठापर्यंत जाडी सारखी. माझ्या कामाला याची किती गरज होती, हे त्यांना मी सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. जाडी सारखी नसावी असं कुणाला वाटत असेल, हेच त्यांना नवल वाटलं असावं.

एकदा दुपारी त्यांना आगरची गोष्ट सांगितली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे जिवाणू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, शिवाय काही जिवाणू तेच खाऊन टाकत. तिथं काम करणाऱ्या वॉल्टर हेसं यांची बायको, फॅनी, 1881 साली म्हणाली, माझ्या जेली उन्हाळ्यातही घट्ट राहतात कारण मी त्यात आगर घालते. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत जगभर आगरच. कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्यात आगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. मामा ऐकत होते. “बाईमाणूस होती म्हणून सुचलं बगा,” ते म्हणाले. “सायबाला कुठलं सुचतंय.” मग जरा वेळानं: “आणि नाव न्हाई घातलं म्हणता? हां. मग आपल्याच हापिसातला असनार त्यो.”

दुसऱ्या वर्षी आमच्या हाती एक देखणा निकाल आला. स्टॅफिलोकॉकसच्या एकाच वाणाचे वर्णपट संगणकानं दोन स्वच्छ गटांत वेगळे केले. मध्ये मोकळी जागा, दोन्हीकडे ठिपक्यांचे पुंजके. पुण्यातल्या आमच्या गटात मोठी चर्चा झाली. वाणात फूट पडली का? औषधाला दाद न देणारा प्रकार त्यातून वेगळा होतोय का? यावर वेगळा निबंध होईल असं कुणीतरी म्हणालंही. सरांनी मला परत तिकडे पाठवलं.

ताईंनी आधी चित्र बघितलं नाही. प्लेटांचे क्रमांक विचारले आणि कपाटातून रजिस्टर काढलं. लांब, आडव्या रेघांचं, कापडी पुठ्ठ्याचं. तारीख, नमुना क्रमांक, माध्यम, माध्यमाचा गट, कधी लावली, कधी काढली, किती तासांची, वाढ कशी, सही. असे रकाने त्यांनी स्वतः आखलेले, निळ्या शाईत. कोणत्याही नियमात एवढे रकाने मागितलेले नव्हते. पट्टीनं एकेक ओळ धरत त्या खाली आल्या आणि बोट टेकवलं. “इथपर्यंतच्या सगळ्या जुन्या रक्ताच्या. इथून मेंढी बदलली.”

संगणकानं जिवाणू वेगळे केलेच नव्हते. त्यानं दोन मेंढ्या वेगळ्या केल्या होत्या. कॉलनी उचलताना माध्यमाचा अंश बरोबर येतो, आणि रक्तातलं हीम हिरव्या लेझरखाली आपली शिखरं अगदी ठळक दाखवतं. तोच वाण साध्या न्यूट्रिएंट आगरवर वाढवला, निर्जंतुक पाण्यात अनेकदा धुऊन घेतला, आणि पुंजके एकमेकांत मिसळून गेले. निबंध झाला नाही. पण पुढे आमचे जे निकाल टिकले, ते या रजिस्टरच्या जोरावर टिकले. या विषयातले अनेक चकचकीत आकडे मी आता वाचतो तेव्हा अचूकतेच्या टक्केवारीपाशी थांबत नाही. प्लेटा कुठल्या गटाच्या, किती तासांच्या, एकाच दिवशी वाढवलेले नमुने शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे आलेत का, हे आधी शोधतो. बऱ्याच निबंधांत ते लिहिलेलंच नसतं.

त्याच सुमाराला विभागात एक कंपनीवाला आपलं यंत्र दाखवायला आला होता. पडद्यावर दहा मिनिटांत जिवाणूचं नाव येतं, असा त्याचा दावा. ताईंनी त्याला एक नमुना दिला. यंत्रानं भरभक्कम खात्रीनं एक नाव सांगितलं. ते बरोबरच होतं, पण त्या नमुन्यात दोन जंतू होते. ताई हसल्या नाहीत, उलट त्याला चहा पाजला. यंत्राला जेवढी नावं शिकवली तेवढीच ते जाणतं. समोर दोघं असतील हे त्याला सांगितलेलं नव्हतं. आमच्या यंत्राचंही तेव्हा तसंच होतं, म्हणून मीही हसलो नाही.

आता जे लिहायचं आहे ते विज्ञानाबद्दल नाही. माझे वडील मधुमेहाचे जुने रुग्ण. त्यांना लघवीतून जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात गेला आणि रात्री त्याच रुग्णालयात दाखल करावं लागलं. ताप, थरथर, रक्तदाब खाली. माझं यंत्र दोन मजले वर होतं. शुद्ध कॉलनी हातात असेल तर ते बऱ्यापैकी बरोबर बोलत होतं, पण रुग्णाच्या रक्ताला ते काहीच विचारू शकत नव्हतं. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणू मूठभरही नसतात आणि तांबड्या पेशी असतात अब्जावधी; प्रकाश त्या गर्दीत हरवतो. चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर रामन संकेत कितीतरी पटींनी वाढतो, हे साउदॅम्प्टनच्या मंडळींना 1974 सालीच दिसलं होतं. त्या वाटेनं आम्ही प्रयत्न करत होतो, पण खाटेपाशी नेण्याजोगं त्यात काही नव्हतं. मी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री बाटलीत वाढ आल्याचा इशारा वाजला. ताईंची ड्यूटी संपलेली होती. त्या थांबल्या होत्या, हे मला नंतर रखवालदारानं सांगितलं. त्यांनी लगेच ग्रॅम स्टेन केलं. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग, सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आणि 1884 पासूनचं जुनं. गुलाबी दांडके दिसले. त्यांनी वॉर्डात फोन करून निवासी डॉक्टरला सांगितलं. तेवढ्यावर औषधांची दिशा ठरली. सकाळी मॅकॉन्कीवर फिकट कॉलन्या होत्या आणि इन्क्युबेटर उघडल्यावर तो वास. “वासावर रिपोर्ट देता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि ऑक्सिडेजच्या पट्टीवर कॉलनी घासली. काही सेकंदांत गडद जांभळी झाली. स्यूडोमोनास. डॉक्टरांनी पहिलं औषध बंद करून दुसरं लावलं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पेपर मागितला.

त्यानंतर मी ताईंना काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. त्यांनी मात्र मला बोलावून सांगितलं, की हा वाण संग्रहात घेतेय, पण रुग्णाच्या नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं, सगळ्यांचा घेतात तसा. ग्लिसरॉल घालून तो उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला. आमच्या यंत्रानं पुढे त्या संग्रहातले सगळे स्यूडोमोनास वाचले, त्यात तोही असणार. कुठला क्रमांक तो, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नियमही तसाच आहे.

ताई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल, नारळ, तिघांची भाषणं. मॅडमनी ताईंच्या हाताखाली शिकून मोठ्या झालेल्या डॉक्टरांची यादी वाचली. माझं नाव त्यात होतं. मी डॉक्टर खरा, पण औषधाचा नव्हे. मामा मागे उभे होते, ते मोठ्यानं म्हणाले, “लेझरवाले पण आपल्यातच धरा.” तेव्हा टाळ्या पडल्या.

आता पुण्यात माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. रोज सकाळी सिलिकॉनच्या चकतीवर लेझर टाकून 520 चं शिखर जागेवर आहे का बघतो, मगच कामाला लागतो. ताईही रोज सकाळी ओळखीचा ई. कोलाय लावून आधी माध्यम तपासत, मग रुग्णांचे नमुने घेत. माझ्याकडे येणारे विद्यार्थी बहुतेक भौतिकशास्त्राचे किंवा संगणकाचे. त्यांना मी आधी काही आठवडे दक्षिणेला धाडतो, मामांच्या मीडिया रूममध्ये. मामांची दोन वर्षं अजून बाकी आहेत. पोरं कुरकुरतात, त्यांना वाटतं कोड लिहायचा वेळ वाया चाललाय. एक मुलगी मात्र परत आली ती मनगटावर बाटली टेकवायची सवय घेऊन.

गेल्या पावसाळ्यात ताई भाचीकडे पुण्याला आल्या होत्या, तेव्हा त्यांना लॅब दाखवायला नेलं. मी हौसेनं नवा वर्णपटमापक दाखवत होतो, पडद्यावर शिखरं उमटत होती. ताईंनी “छान” म्हटलं आणि त्या सरळ इन्क्युबेटरकडे गेल्या. प्लेटा उलट्या ठेवल्यात का ते पाहिलं. एक काढून उजेडासमोर धरली, थोडी कलती केली.

“ही किती तासांची?”

“अठरा,” ती मुलगी म्हणाली.

“कशावरून?”

तिनं रजिस्टर पुढे केलं. आमचं रजिस्टर संगणकावर असतं, पण या मुलीनं कागदीही ठेवलं आहे, रकाने आखून. ताईंनी चष्मा लावला आणि आजची ओळ वाचून झाल्यावर मागची पानं चाळायला घेतली. चाळता चाळता एका पानावर थांबल्या, रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“आणि इथली सही कुठाय?”